हाय त्याला न्हाई कसं म्हनू

(श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावच्या कोतवालांनी सांगितलेली हकिकत. नावं बदलली आहेत, बोलणं त्यांचं आहे.)

काय सांगू तुमाला ताई, माझा जलम ह्याच गावातला, आनि आमच्या घरान्याला गावाचं काम काय नवं न्हाई. माझा आजा गावकीची चाकरी करायचा, सांगावे पोचवायचा, कुनी मेलं की खबर घिऊन पायी चार-चार गावं हिंडायचा, आनि त्याच्या बदल्यात दिस मावळायच्या टायमाला दारोदार उभा ऱ्हाऊन भाकरी मागायचा. मागायचा म्हंजी ती त्याची मजुरीच हुती, पन ती मागावी लागायची, देनारीच्या मर्जीवर हुती. मग धर्म बदलला, आमी बुद्धाचे झालो, तवा माझ्या बापानं सांगून टाकलं की उद्यापासून आमच्यातलं कुनी भाकरीला येनार न्हाई. त्यानं कालव्याच्या कामावर खडी फोडली, उसाच्या गाड्या भरल्या, कवा कवा उपाशी निजला, पन कुनाच्या दारात उभा ऱ्हायला न्हाई. आनि मी त्याचाच पोरगा, दहावीपतुर शिकलो आनि कोतवाल झालो. कोतवाल म्हनलं की तुमा शहरातल्या मानसांना पोलीस वाटतो, तसं न्हाई, तलाठ्याच्या हाताखालचा मानूस, नोटिसा वाटायच्या, पंचनाम्याला मानसं गोळा करायची, दवंडी द्यायची, कोन जलमलं कोन मेलं ते कळवायचं. ऑर्डर घिऊन घरी आलो तर बाप म्हनला, म्हंजी परत दारात उभा ऱ्हानार तू. मी म्हनलं आबा, सरकारचं मानधन हाय, भाकरी न्हाई. तो म्हनला, बघू.

तुमी त्या दिवशी समाजमंदिरात मीटिंग घ्यायला आल्ता तवा मी बोलता बोलता थांबलो, ते तुमच्या ध्यानात ऱ्हायलं आनि तुमी पुन्यावरनं परत आलात, म्हनून सांगतो. न्हाईतर हे मी माझ्या बायकोलाबी पुरतं सांगितलेलं न्हाई.

तर आमच्या गावात ठकूबाई म्हनून एक म्हातारी हुती, मी तिला मावशी म्हनायचो. घर शेतकऱ्याचं, पन दोन एकर जिरायत हुती ती नवऱ्याच्या दुखन्यात गेली, नवराबी गेला. पोरगा एक, पोपट त्याचं नाव, तो चाकनला कंपनीत कंत्राटावर गेला आनि तिकडंच भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केलं. मावशी इथं एकटी, वेशीच्या अलीकडं तिचं पत्र्याचं घर, दिसभर उंबऱ्यात बसून गोधड्या शिवायची. डोळ्याला कमी दिसायला लागल्तं तरी टाके सरळ. मी त्या बोळीनं गेलो की हाक मारायची, सुदाम, आरं दोरा ववून दे रं. मी सुईत दोरा ववून द्यायचो आनि ती च्या ठेवायची. घरातल्या कपातच द्यायची बरं का, तिच्या सासूनं माझ्या आजाला कधी कपाला हात लावू दिला नसंल, पन हिच्या मनात तसलं काय न्हवतं. तिला सरकारकडनं दर महिन्याला निराधारचा पगार यायचा. आमच्याकडं त्याला पगारच म्हनत्यात. लई न्हाई, पन पीठमीठ, गोळ्या आनि लाईटबिल त्यात निघायचं.

तीन-चार वर्सं झाली असतील, तालुक्यावरनं हुकूम आला की निराधारच्या याद्या तपासा, बोगस नावं लई झाली. कुनीतरी अर्ज केल्ता की ज्यांची पोरं कमावती हायत तेबी पगार खात्यात. दुसऱ्या एका गावात खोटं लिवलं म्हनून एका कोतवालाला घरी बसवलं, ती बातमी आमच्यात फिरत हुती, आनि माझ्या पोरीचं लग्न तोंडावर आल्तं. फॉर्म आले, त्यात रकाने, वय, जमीन, आनि एक रकाना असा की मुलगा आहे काय, कमावता आहे काय. तलाठी भाऊसाहेब म्हनले, सुदाम, दोन दिवसांत घरोघर जाऊन भरून आन, आनि एकबी रकाना मोकळा ठेवू नको, मोकळा ठेवला की वरून परत येतं.

मी निघालो. पयल्यांदा गेलो एका बाबाकडं, नाव न्हाई घेत, अजून हायत ते. मी इचारलं, बाबा, मुलगा हाय का. बाबा म्हनले न्हाई. आत त्यांची दोन पोरं टीव्ही बघत बसल्ती, थोरल्यानं बाहेर येऊन मला पानीबी दिलं. मी मान खाली घातली आनि लिवलं, नाही. वजनदार घर हाय ते, मी कशाला वाकडं घेऊ. अशीच आनखी दोन-तीन घरं झाली, कुनी म्हनलं पोरगा वायला, येगळा ऱ्हातो, कुनी म्हनलं आसून नसल्यागत हाय, लिवा न्हाई. मी लिवत गेलो.

मग मावशीच्या दारात आलो. ती गोधडी शिवत बसल्ती, समोर शेजारची बाई कांदे निवडत हुती. मी फॉर्म काढला, म्हनलं मावशी, कागद भरायचा हाय, इचारतो ते सांग. जमीन? न्हाई. घरी कोन? मी आनि ही मांजर. मग मी इचारलं, मुलगा हाय का? तर ती हसली आनि म्हनली, हाय ना. पोपट न्हाई का माझा, तुझ्या मांडीवर मुतलेला हाय तो.

मी जरा पुढं सरकलो, आवाज बारीक केला, म्हनलं मावशी, हे सरकारी हाय. तू न्हाई म्हन. तुला तो काय पाठवतो का? ती म्हनली, न्हाई पाठवत, त्याचंच भागत न्हाई तिथं. म्हनलं मग झालं तर, न्हाई म्हन, मी न्हाई लिवतो. तिनं सुई गोधडीत टोचली आनि माझ्याकडं बघितलं. म्हनली, सुदाम, हाय त्याला न्हाई कसं म्हनू? जित्त्या पोराला माझ्या तोंडानं मारू व्हय? मी म्हनलं, आगं, नुसतं कागदावर. ती म्हनली, कागदावर तर आजिबात न्हाई, कागद ऱ्हातो.

आता ताई, मला लिवता आलं असतं. ती न्हाई म्हनली न्हवती तरी पेन माझ्या हातात हुतं. मघाशी तीन-चार घरं मी खोटं लिवून आल्तो की. पन समोर ती शेजारीन कान टवकारून बसल्ती, आनि मला वाटलं उद्या हिनंच अर्ज केला तर? आनि खरं सांगू का, मला राग आल्ता तिचा. सगळं गाव न्हाई म्हनतंय आनि हिला येवढं काय झालंय. त्या रागात मी लिवलं. मुलगा, आहे. कमावता, आहे. त्यात एक अक्षर खोटं न्हवतं. त्या दिवशी मी जेवढं लिवलं त्यात तेवढंच खरं हुतं.

दोन महिन्यांनी पगार बंद झाला.

ती चावडीवर आली, सुदाम, पैसं आलं न्हाईत रं. मी म्हनलं, वरूनच आलं नसंल. परत आली, मी तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला मला तिच्याकडं बघवंना, मी तिला एसटीनं श्रीगोंद्याला घिऊन गेलो. तिथल्या क्लार्कनं कॉम्प्युटरमधी बघितलं आनि म्हनला, अपात्र. मुलगा सांभाळत नाही असं प्रतिज्ञापत्र करून आणा, मग बघू. मी तिला समजावून सांगितलं की स्टॅम्पपेपरवर असं असं लिवून द्यायचं. ती म्हनली, म्हंजी मी सरकारला सांगायचं की माझं पोरगं वंगाळ हाय? क्लार्क मानूस वाईट न्हवता, त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, म्हनला आजी, नियमच तसा आहे. ती म्हनली, ऱ्हाऊ दे बाबा, तुझा काय दोष. आनि उठली. येताना गाडीत मला म्हनली, माझ्यापायी तुझा खाडा झाला रं.

त्यानंतर ती कांदे कापायला जायला लागली. त्या वयात, बायांच्या टोळीत, उन्हात बसून. मुकादम अर्धीच हजेरी द्यायचा कारन हात चालायचा न्हाई. गोधड्यांचं काम सुटलं. मी त्या बोळीनं जायचो तर दार लावलेलं असायचं, आनि मला बरंच वाटायचं, समोर यायला नको.

थंडीचे दिवस हुते. सकाळी शेजारीन मला बोलवायला आली, म्हनली ठकूबाईनं दोन दिस दार उघडलं न्हाई. कोतवालालाच बोलवत्यात असल्या कामाला. पोलीसपाटील आनि मी, दोघांनी दार ढकललं. ती भिंतीकडं तोंड करून निजल्यागत पडल्ती, अंगावर अर्धी शिवलेली गोधडी. पिठाचा डबा उघडा हुता, आतून चमच्यानं खरवडलेला. डॉक्टर म्हनले, ताप हुता आनि अंगात काय ऱ्हायलं न्हवतं. भुकेनं मेली असं कुनी लिवलं न्हाई. मीबी न्हाई. मी मयताच्या वहीत तिचं नाव लिवलं, वय लिवलं, आनि कारन, ताप.

दुपारपतुर पोपट आला, कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच. सगळं उरकल्यावर मला बाजूला घिऊन म्हनला, तात्या, पगार चालू हुता ना तिचा? माझं तिकडं महिन्याला हातात काय ऱ्हात न्हवतं, मी म्हनायचो सरकार बघतंय आपल्या आईला, निदान तेवढं तरी हाय. फोनवर इचारायचो तर ती म्हनायची, माझं भागतंय, तू तुझं बघ.

म्हंजी बघा ताई, त्यानं पाठवलं न्हाई कारन पगार हाय, आनि पगार बंद झाला कारन तो हाय. मधी मी. मी त्याला म्हनलं, व्हय, चालू हुता.

आमी बुद्धाची मानसं, भूतखेत मानत न्हाई, आनि तुमी कायतरी वेगळं समजू नका. पन त्या बोळीनं भर दुपारी गेलो तरी मला दोरा वढल्याचा आवाज यायचा. गोधडीतनं लांब दोरा वढला की कसा सुर्र आवाज येतो, तसा. दार बंद, घरात कोन न्हाई. मी बोळ सोडली, कालव्याकडनं वळसा घालून जायला लागलो. मग काय झालं, कुनाचाबी फॉर्म भरताना आहे हा शब्द लिवायला घेतला की हात थांबायचा, कानात यायचं, हाय ना. हसत म्हनायची तसं. भाऊसाहेब म्हनायचे सुदाम, झोप लागली का? बायको म्हनायची डोळे तपासून घ्या. एकदा तर रेशनच्या कागदावर एका पोरीनं सांगितलं गॅस आहे, आनि मी नाही लिवून बसलो. ती म्हनली, काका, आहे म्हनलं मी.

दोन वर्सांनी पोपट कायमचा गावात आला. कंत्राट संपलं, बायको आधीच माहेरी निघून गेल्ती, तो आईच्याच घरात ऱ्हायला लागला. चाळिशी वलांडलेला मानूस. एक दिस माझ्याकडं आला, म्हनला तात्या, माझं नाव कुठल्या यादीत बसतं का बघा. मी सगळ्या याद्या काढल्या. म्हातारा न्हाई, बाई न्हाई, अपंग न्हाई, जमीन न्हाई म्हनून शेतकरी न्हाई. कुठंच बसंना. तो म्हनला, ऱ्हाऊ द्या. आईवानीच म्हनला.

मग तुमी मानसं आलात ती मीटिंग घ्यायला. समाजमंदिरात सतरंजी टाकली, तुमी इचारलं की समजा सरकारनं सगळ्यांनाच, गरीब-श्रीमंत काय न बघता, दर महिन्याला सारखेच हजार रुपये दिले तर काय हुईल, परवडंल का, मानसं आळशी हुतील का. आमच्या शाळेचे गुरुजी हिशोबाचे पक्के, ते फळ्याजवळ गेले. गावातली डोकी लिवली, त्याला हजारानं गुनलं, मग बारानं, आनि तो आकडा येवढा लांब झाला की फळ्याच्या कडंला जाऊन खाली वळवावा लागला. त्याखाली ग्रामपंचायतीला वरसाला काय मिळतं ते लिवलं. लोक हसले. गुरुजी म्हनले, हसू नका, येवढं द्यायचं तर पान्याची योजना, दवाखाना, शाळा, कशाला तरी हात लावावा लागंल, न्हाईतर घरपट्टी-पानीपट्टी वाढवावी लागंल, तयारी हाय का?

मग तो बागायतदार उठला, तुमाला आठवत असंल, त्याचा तीस एकर ऊस हाय. म्हनला, मला नको, मी काय करू हजार रुपये घिऊन, माझे एखाद्या गरीब बाईला द्या. तवा मागनं कांदे कापनारी एक बाई बोलली, बसल्या जागेवरनंच, म्हनली, दादा, गरीब कोन ते ठरवनार कोन? आनि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी उठलो. म्हनलं गुरुजींनी फळ्यावर लिवलं ते बरोबर हाय, पन एक ऱ्हायलं. ही जी निवड करायची, ह्याला देऊ, त्याला नको, त्याला काय लागतं ते कुनी लिवलं न्हाई. माझे दिस, भाऊसाहेबांचे, क्लार्कचे, स्टॅम्प, एसटीच्या खेपा, बुडालेल्या हजेऱ्या. आनि त्यात जी मानसं, आसं म्हनलं आनि मला पोपट दिसला, दाराशी चपला काढतात तिथं बसल्ता. मी थांबलो. तेच तुमी बघितलं.

गुरुजी म्हनले, सुदाम, तुझं खरं हाय, पन त्यानं फळ्यावरचा आकडा कमी हुत न्हाई. तेबी खरंच. मग ती कांद्याची बाई म्हनली, सगळ्यांना जमत नसंल तर म्हाताऱ्यांना तरी द्या, सरसकट, काय इचारू नका. गुरुजींनी ते मांडलं, आनि तो आकडा फळ्यावर मावला. मोठाच हुता, पन मावला. तुमी लिवून घेतलं. हुईल का ते तुमाला ठाऊक न्हाई म्हनालात, आमाला तर न्हाईच.

मीटिंग सुटल्यावर पोपट माझ्यासंगं चालायला लागला. म्हनला, तात्या, मला बघून थांबलात. मी म्हनलं, बस. तिथंच कालव्याच्या कट्ट्यावर बसलो आनि सगळं सांगितलं, फॉर्म, शेजारीन, तिनं काय म्हनलं ते, मी काय लिवलं ते. पगार चालू हुता म्हनून तुला खोटं सांगितलं तेबी. तो पान्याकडं बघत हुता. म्हनला, म्हंजी मी नसतो तर. मी म्हनलं तसं न्हाई पोपट, मी लिवलं. तो म्हनला, न्हाई म्हनायचं ना तिनं. काय झालं असतं. मी कुठं ऐकायला हुतो.

दुसऱ्या दिशी सकाळी चावडीवर आला, म्हनला तो कागद दाखवा. फॉर्मची झेरॉक्स फायलीत हुती, मी काढून दिली. माझं अक्षर. त्यानं त्या रकान्यावर बोट ठेवलं आनि उभा ऱ्हायला. भाऊसाहेबांनी मला खुनवलं की काय झालं, मी मान हलवली. मग त्यानं कागद परत दिला. मला वाटलं शिव्या देईल, अर्ज करंल माझ्यावर, केला असता तरी चाललं असतं मला. तो म्हनला, तात्या, ह्याची एक प्रत मला मिळंल का? मी काढून दिली. त्यानं घडी घालून खिशात ठिवली आनि कांद्याच्या वखारीवर कामाला गेला.

आता मी परत त्या बोळीनं जातो. आवाज अजून येतो, कमी झाला म्हनलं तर खोटं हुईल. पोपट घरी असला तर बसतो दोन मिन्टं. माझी नोकरी थोडी ऱ्हायली, पोरगा टेम्पो चालवतो, बरं चाललंय.

आनि परवा नवी यादी आली ताई. तपासनीची. तेच रकाने हायत, फक्त आता मोबाईलवर भरायचं, आनि मोकळा ठिवला तर पुढंच जात न्हाई. पयलं नाव एका म्हातारीचं हाय, वरच्या आळीतली, पोरगा पुन्याला असतो, मला ठाऊक हाय आनि तो पाठवत न्हाई तेबी ठाऊक हाय. उद्या सकाळी जायचंय. मी इचारीन आनि तीबी हाय म्हनली तर मी काय लिवनार, हे आज तुमच्यापुढं बसूनसुदिक मला सांगता येत न्हाई. तुमी शिकलेली मानसं, तुमच्या त्या इचाराचं काय हुईल ते हुवो, पैसा कुठनं आनायचा ते शहान्यांनी बघावं, मला त्यातलं कळत न्हाई. तुमचं बरं हुवो. च्या पिऊन जा, थंड झाला असला तर परत ठेवायला सांगतो.